मालिकेत पाणी कोण घालतं?

आमच्या आत्येसासूबाई मला प्रत्येक कार्यात गाठून एकच प्रश्न विचारतात. "अगं, तुझ्या मालिकेतल्या त्या पोरीला ती सराफाची पावती सापडणार तरी कधी? तीन आठवडे झाले, नुसतं कपाट उघडतेय नि लावतेय!" मी "बघा ना" म्हणते आणि मठ्ठ्याच्या वाटीकडे वळते. खरं उत्तर पंगतीत देण्यासारखं नसतं. पावती सापडली की ती जिच्यापुढे धरायची ती सासू सध्या नाटकाच्या दौऱ्यावर आहे. ती येईपर्यंत पावतीला कपाटातच राहणं भाग आहे.

मी मालिकांचे संवाद लिहिते. "पाणी घालतात" हा आरोप रोज ऐकते, आणि तो पुष्कळदा खरा असतो. पण ओतणारा हात लेखकाचा दिसत असला तरी तांब्या बऱ्याच ठिकाणांहून भरून येतो. तो कुठून कुठून भरतो, हे एकदा सविस्तर सांगावं म्हणून हा लेख.

मालिका सुरू होताना नावं पळतात, त्यात कथा, पटकथा आणि संवाद अशा तीन ओळी असतात. बघणाऱ्याला वाटतं, एकाच कामाची तीन नावं असावीत. ती तीन वेगळी कामं आहेत आणि रोजच्या मालिकेत बहुतेकदा तीन वेगळी माणसं ती करतात. कथा लिहिणारा पुढच्या दोन-तीन महिन्यांचा रस्ता आखतो: मंगळसूत्र गहाण कुणी टाकलं, आळ कुणावर आला, उलगडा कोणत्या सणाला करायचा. याला आमच्याकडे ट्रॅक म्हणतात. पटकथाकार त्या रस्त्याचे दिवसादिवसाचे तुकडे पाडतो. सोमवारी काय, मंगळवारी काय, भागात पाच-सहा सीन, त्यात कोण, कुठे, दिवसा की रात्री, आणि भाग नेमका कुठे तोडायचा. हे सगळं दोन-दोन ओळींत मांडलेलं असतं, म्हणून त्याला वनलाइन म्हणायचं. वनलाइन वाहिनीकडे जाते, तिथून दुरुस्त्या होऊन येते, पुन्हा जाते, आणि मंजूर झाली की संवादलेखकाच्या दारात पडते. संवादलेखक या साखळीतला शेवटचा माणूस. त्याच्यानंतर थेट सेट. त्यामुळे वरच्या सगळ्यांनी खर्च केलेला वेळ त्याच्या झोपेतून वजा होतो.

आता जरा आकडेमोड. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगैरे जाऊन साधारण २२ मिनिटं उरतात. (नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत, आणि त्यात वाहिनीने स्वतःच्या कार्यक्रमांची केलेली जाहिरातही आली.) आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला तीनशेच्या वर होतात. ३०० गुणिले २२ म्हणजे ६,६०० मिनिटं, म्हणजे ११० तास. अडीच तासांचा एक सिनेमा धरला तर हे झाले वर्षाला ४४ सिनेमे. सिनेमाचा लेखक एका पटकथेवर दोन वर्षं घालवतो आणि ते कुणाला वावगं वाटत नाही. आम्ही तेवढा मजकूर आठवड्याभराच्या आसपास लिहितो.

हे असं पहिल्यापासून नव्हतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढे मालिका आल्या त्या आठवड्यातून एकदा, आणि मंजुरी मिळायची १३ भागांची. तेरा भाग म्हणजे तीन महिने. लेखक अख्खी गोष्ट लिहून मोकळा व्हायचा, शेवट कुठे आहे हे त्याला पहिल्या दिवशी ठाऊक असायचं. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी (आजची झी मराठी) ही वाहिनी आली, पुढच्या वर्षी ईटीव्ही मराठी (आजची कलर्स मराठी) आली, आणि मराठी घरांत रोजची मालिका रुळली. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली आणि तीन हजारांहून अधिक भाग झाले. नावात चारच दिवस होते, हा विनोद तेव्हाही सगळ्यांनी करून झाला होता. पण लेखकाच्या बाजूने बघा. तीन हजार भागांच्या गोष्टीला शेवट नसतो. तिला फक्त उद्या असतो. तेरा भागांचा लेखक गोष्ट संपवायला शिकलेला असायचा, रोजच्या मालिकेचा लेखक ती न संपवायला शिकतो. दोन्ही कसबंच आहेत, पण एकमेकांना उपयोगी पडत नाहीत. चांगल्या चांगल्या नाटककारांची मालिकेत येऊन दमछाक होते ती इथे.

आता त्या पावतीकडे येते. नावं बदलून सांगते, प्रसंग मात्र असाच घडलेला आहे. घरातलं मंगळसूत्र नाहीसं झालंय, आळ सुनेवर, म्हणजे गौरीवर आलाय. खरं तर ते सासूनेच, माईंनी, मुलाचं कर्ज फेडायला गहाण टाकलंय. वनलाइनमध्ये आलेला मजकूर एवढाच: "गौरीला पावती सापडते. ती माईंना जाब विचारते. माई विषय बदलतात." यावरून मी लिहिलं ते असं:

गौरी : (पावती पुढे धरत) माई, ही सही तुमचीच ना?
माई : (चष्मा पुसत) चहा निवतोय तुझा.

हे मला आवडलं होतं. माई खोटं बोलत नाहीत, पण सरळ उत्तरही देत नाहीत. सहा महिने त्या अशाच बोलत आल्यात. "चहा निवतोय" या दोन शब्दांत त्यांनी कबुलीही दिली आणि दारही लावून घेतलं. रात्री अकराला भाग पाठवला आणि झोपले.

सकाळी सव्वासातला कार्यकारी निर्मात्याचा, म्हणजे आमच्या भाषेत ईपीचा, फोन. माईंचं काम करणाऱ्या बाईंच्या नाटकाचे प्रयोग वाढलेत. पुण्यात, मग नाशिकला, मग थेट नागपूरला. निदान आठ दिवस डेट्स नाहीत. मराठी मालिकेत हे नेहमीचंच. आपले निम्मे कलाकार रंगभूमीवरचे, शनिवार-रविवार त्यांचा नाटकाला दिलेला असतो, आणि नाटक चाललं याचा राग तरी कसा धरायचा? सेट लागलाय, गौरी मेकअपला बसलीय, युनिटची माणसं हजर आहेत. दिवस रिकामा गेला तर निर्मात्याचं मोठं नुकसान. तेव्हा दहाच्या आत नवा सीन हवा, आणि त्यात घरात आज उपलब्ध असलेलं कुणीतरी हवं. उपलब्ध कोण? आत्या.

गौरीला पावती मिळू द्यायची नाही, माई घरात का नाहीत ते प्रेक्षकाला सांगायचं, आणि तरीही सीनमध्ये काहीतरी घडायचं. दात घासता घासता हे सुचलं:

आत्या : काय शोधतेयस गं?
गौरी : काही नाही. माईंची औषधं.
आत्या : माईंची औषधं माईंबरोबरच गेली की पंढरपूरला!

मी खूश. माईंना वारीला धाडलं, गौरी पकडली गेली, भाग तोडायला जागा मिळाली. भाग जिथे तुटतो त्या टोकाला हुक म्हणतात. "पंढरपूरला!" आणि गौरीचा चेहरा, झाला हुक. सेटवर पाठवून दिलं. साडेदहाला गौरीचं काम करणाऱ्या मुलीचा फोन आला. "ताई, एक विचारू? गौरी खोटं बोलेल?"

मी गप्प. बरोबर होतं तिचं. आळ घेतला, घराबाहेर काढलं, तरी खोटं बोलली नाही म्हणून तर लोकांना गौरी आवडते. मी माझ्या सोयीसाठी तिला एका वाक्यात खोटारडी करून टाकलं होतं. फोनवरच बदललं:

आत्या : काय शोधतेयस गं?
गौरी : सापडलं की सांगते.
आत्या : माई पंढरपूरला गेल्या आणि तू त्यांचं कपाट उघडून बसलीस होय?

सीन आधीपेक्षा चांगला झाला, हे कबूल करायला हवं. माझ्या मते या धंद्यातलं खरं कौशल्य हेच आहे. गोष्ट सुचणारे खूप असतात. तारखा बदलतात, सेट बदलतो, वाहिनीचं मन बदलतं, आणि या सगळ्यात पात्र तुटू द्यायचं नाही, एवढं एक काम लेखकाकडे उरतं. तेही दर वेळी जमतं असं नाही. त्या सकाळी मला जमलं नव्हतं, त्या मुलीला जमलं.

तर तांब्या पहिल्यांदा भरतो तो इथे, कलाकारांच्या तारखांवर. दुसऱ्यांदा भरतो तो रेटिंगवर.

टीआरपी हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, तो मोजतात कसा हे फार कमी जणांना. २०१५ पासून हे काम बार्क ही संस्था करते. देशभरात निवडलेल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत तिची मीटर बसवलेली आहेत. वाहिन्यांच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतं. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर स्वतःचं बटण असतं, टीव्हीपुढे बसलात की ते दाबायचं. म्हणजे अमुक वाहिनी इतकंच कळत नाही, ती आजी बघतेय की नातू, हेही कळतं. मराठी मालिकांसाठी बाजार धरला जातो तो 'महाराष्ट्र-गोवा' असा एकत्र. आकडे येतात गुरुवारी. लेखकांच्या आयुष्यात शनी-मंगळापेक्षा गुरू जड.

गुरुवारी नुसता एक आकडा येत नाही. कोणत्या मिनिटाला किती जण होते याचा आलेख येतो. गौरी आणि तिचा नवरा बोलत असताना रेघ खाली उतरली आणि आत्या आल्यावर वर गेली, की शुक्रवारच्या मीटिंगमध्ये आत्याचे सीन वाढतात. दोन महिन्यांपूर्वी ठरवलेला ट्रॅक तिथेच वाकतो. उलटही होतं. एखादं रहस्य लोकांना धरून ठेवतंय असं दिसलं, की ते उलगडायची कुणाची हिंमत होत नाही. तुम्ही ज्याला पाणी घालणं म्हणता ते कितीदा तरी तुम्ही आवडीने बघितल्यामुळे घातलेलं असतं. हे आत्येसासूबाईंना सांगायचं धाडस मात्र मी अजून केलेलं नाही.

प्रेक्षकाने लेखकाचा हात धरणं हे टीआरपीच्या आधीपासून आहे. भारतातली पहिली गाजलेली लांब मालिका 'हम लोग'. तिच्या जन्मकथेत एक मराठी माणूस आहे. वसंत साठे तेव्हा माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. १९८२ मध्ये ते मेक्सिकोला गेले. तिथे मिगेल साबिदो नावाच्या निर्मात्याने मालिकांमधून साक्षरता आणि कुटुंबनियोजनाचा प्रचार करून दाखवला होता. हे आपल्याकडे व्हावं असं साठ्यांनी मनावर घेतलं. लेखनाचं काम मनोहर श्याम जोशी यांच्याकडे आलं, जे हिंदीतले कादंबरीकार आणि 'साप्ताहिक हिंदुस्तान'चे संपादक होते. ७ जुलै १९८४ ला पहिला भाग दिसला आणि सुरुवातीला मालिका पडलीच. उपदेश फार होता. पहिल्या १३ भागांनंतर जोशींनी कुटुंबनियोजनाचं व्याख्यान बाजूला ठेवलं, घरातली भांडणं, हुंडा, दारू, मुलींची लग्नं पुढे आणली, आणि तेच कुटुंब देशाचं होऊन बसलं. प्रेक्षकांनी पाठवलेल्या पत्रांची संख्या चार लाखांवर गेली. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे, ते या पत्रांचा आधार घेऊन. तेव्हा पोस्टमन आणायचा ते आता गुरुवार आणतो. फरक एवढाच की पत्र लिहिणारा कारण लिहायचा. मीटरला कारण माहीत नसतं, ते आम्ही शुक्रवारी बसून कल्पनेने भरतो, आणि मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा त्याची कल्पना खरी ठरते.

तिसरा तांब्या म्हणजे बँक. प्रक्षेपणाच्या पुढे किती भाग चित्रित होऊन तयार आहेत, तो आकडा म्हणजे बँक. मालिका सुरू होताना दहा-पंधरा भागांची बँक असते. मग कुणी आजारी पडतं, पाऊस येतो, वाहिनी महाएपिसोड मागते, आणि बँक दोनवर येते. आज चित्रित झालेला भाग परवा दिसायचा असेल तर लेखकाला एकच प्रश्न विचारला जातो: या सेटवर, या माणसांत, आज काय होऊ शकतं? बाहेरचा प्रसंग लिहायचा नाही, गर्दी लिहायची नाही, नवा माणूस आणायचा नाही. मग दिवाणखान्यात चार जण उभे राहून काल काय झालं ते एकमेकांना सांगतात. तुम्हाला कंटाळा येतो. आम्हाला त्याहून जास्त येतो.

मात्र या पुनरुक्तीला दुसरी बाजू आहे. रोज २२ मिनिटं टीव्हीपुढे कुणीही बसत नाही. कुकरची शिट्टी होते, फोन येतो, कुणी भजनाला जातं. चार दिवसांनी परत आलेल्या माणसाला गोष्ट कळली नाही तर तो पुन्हा यायचा नाही. म्हणून रिकॅप, म्हणजे मागच्या भागांची उजळणी, आणि म्हणून "तुला माहितीये ना, त्या दिवशी माईंनी..." असले संवाद. चांगला संवादलेखक ही माहिती भांडणात लपवतो, कारण भांडताना माणसं जुनं उकरून काढतातच. कच्चा लेखक ती सरळ सांगून टाकतो.

बँकेची खरी परीक्षा झाली ती करोनात. मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबलं आणि सगळ्यांच्या बँका काही दिवसांत संपल्या. नवे भाग दिसायला जुलै उजाडला. परवानगी मिळाली तीही अटींसह, आणि एक अट होती ६५ वर्षांवरच्या कलाकारांनी सेटवर यायचं नाही. आता मराठी मालिकेतून आजी-आजोबा काढा आणि काय उरतं ते बघा. रातोरात घरोघरचे आजोबा गावी गेले, आज्या मुलीकडे अडकल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ती अट रद्द केली तेव्हा आज्या परतल्या. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा चित्रीकरण बंद झालं आणि कितीतरी मराठी युनिटं गोव्याला गेली. घर मुंबईतलं आणि मागे माड, हे प्रेक्षकाला पटवायला आम्ही लग्नं, सहली, नवस, लपून बसणं, जे सुचेल ते लिहिलं. मे महिन्यात गोव्यानेही परवानग्या काढून घेतल्या. नुकते वसवलेले सासरचे लोक पुन्हा उठवावे लागले.

भिंतीवर 'कालनिर्णय' नसलेला मालिकालेखक मला दाखवा. पात्रांचं पंचांग प्रेक्षकाच्या पंचांगाबरोबर चालावं लागतं. तुमच्या घरी गणपती बसले की गौरीच्या घरीही बसले पाहिजेत. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला गेली, पुढच्या वर्षी ती ७ तारखेला होती. या बारा दिवसांवर अख्खा ट्रॅक पुढेमागे होतो. आमच्या एका मालिकेत रहस्य उलगडायचं होतं वटपौर्णिमेला, वडाखाली, सगळ्या बायकांसमोर. ऐन चित्रीकरणाला पाऊस कोसळला. वड स्टुडिओत आणला, म्हणजे फांदी आणली, कुंडीत खोचली, आणि "यंदा घरीच पूजा करू" हे वाक्य मला लिहावं लागलं. त्या फांदीला फेरे घालायला जागा पुरेना म्हणून तीन बायका गाळल्या.

भाषेबद्दल थोडं बोलायला हवं, कारण इथे गेल्या काही वर्षांत खरोखर चांगलं काही घडलंय. बराच काळ मराठी मालिका म्हणजे मुंबई-पुण्याचा दिवाणखाना आणि त्याचीच बोली. गावचा माणूस आला की तो "व्हय जी" म्हणायचा, मग तो कोल्हापूरचा असो की जळगावचा. मग सेट गावांकडे गेले. 'रात्रीस खेळ चाले' सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झाली. तिचे संवाद लिहिणारे प्रल्हाद कुडतरकर त्याच मालिकेत विसरभोळा पांडू झाले. मालवणी कानाने शिकलेला माणूस लिहायला बसला की काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलं. साताऱ्याकडच्या फौजींच्या गावाची 'लागिरं झालं जी' तेजपाल वाघ यांनी लिहिली, तिथेही तेच. बोली म्हणजे क्रियापदाचं शेपूट बदलणं नव्हे. राग आल्यावर त्या गावात माणूस आवाज चढवतो की गप्प बसतो, नवऱ्याचा उल्लेख बाई कसा करते, पाहुण्याला चहा विचारायचा की न विचारता ठेवायचा, हे सगळं बोलीत येतं. मी डोंबिवलीची. मला मालवणी सीन आला की मी प्रामाणिकपणे मदत मागते.

आता पैसे. मानधन ठरतं भागावर. महिन्याचा पगार नसतो. भाग लिहिला म्हणून पैसे नाहीत, बहुतेक करारांत तो दिसला की पैसे. महिनाअखेर बिल द्यायचं, आणि त्यानंतर ९० दिवसांची मुदत ही या क्षेत्रातली रूढ पद्धत. हिशेब करून बघा. गणपतीत भाग लिहिला, ऑक्टोबरमध्ये तो दिसला, ऑक्टोबरअखेर बिल गेलं, तर पैसे येतात तिळगूळ वाटून झाल्यावर, तेही दहा टक्के टीडीएस कापून. मध्ये मालिका बंद पडली तर पुढचं काम मिळेपर्यंत काही नाही. बंद पडल्याची बातमी लेखकाला कधी कधी तीन आठवडे आधी कळते, आणि त्याच तीन आठवड्यांत शंभर धागे बांधून गोड शेवट करायचा असतो. दोन वर्षं सुडाने पेटलेली बाई शुक्रवारी एकाएकी मंदिरात रडते ती यामुळे. एका निर्मात्याने माझे चार महिन्यांचे पैसे अजून दिलेले नाहीत. त्यांच्या मालिकेतला नायक अत्यंत प्रामाणिक होता आणि त्याचे संवाद मीच लिहिले होते.

कायदा काय म्हणतो? कॉपीराइट कायद्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. तिच्यासाठी संसदेत आणि बाहेर जावेद अख्तर यांनी जोर लावला होता. त्या दुरुस्तीने लेखक-गीतकारांना असा हक्क दिला, की चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला वाटा ते करारानेही निर्मात्याला देऊन टाकू शकत नाहीत. वारसाला किंवा हक्क सांभाळणाऱ्या संस्थेलाच तो देता येतो. कायद्याच्या भाषेत मालिकाही चित्रपटातच मोडते. कागदावर हे फार मोठं आहे. हातात पडणारा करार मात्र बहुधा "सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमचे" अशाच वाक्याने सुरू होतो, आणि नवा लेखक तो वाचत नाही. वाचला तरी सही करतो, कारण दाराबाहेर दुसरा उभा असतो.

कल्पना चोरीला जाण्याबद्दल नव्या मुलांना फार धाकधूक असते. तिथे १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल माहीत असावा. आर. जी. आनंद यांचं म्हणणं होतं की त्यांच्या नाटकावरून 'न्यू देल्ही' हा सिनेमा उचलला. न्यायालयाने ते मानलं नाही. तत्त्व असं सांगितलं की नुसत्या कल्पनेवर, विषयावर कुणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर. म्हणजे "सून सासूचा गुन्हा अंगावर घेते" ही कुणाचीच नाही. गौरीचे साठ सीन लिहिलेत, तर ते तुमचे. म्हणून कुणाला ऐकवण्याआधी लिहून काढा आणि स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. अंधेरीतली ही संस्था लेखकांची कामगार संघटना आहे, आणि भांडणाच्या वेळी तिची नोंद पुरावा म्हणून दाखवता येते. मराठीत मालिका-नाटक-चित्रपट लेखकांची 'मानाचि' ही संघटना आहे.

एकजुटीने काय होतं ते अमेरिकेत दिसलं. तिथल्या लेखकांनी २ मे २०२३ पासून १४८ दिवस संप केला, ओटीटीवरच्या वापराचा मोबदला आणि एआयवर बंधनं ही मुख्य भांडणं होती, आणि एआयला लेखक मानायचं नाही हे त्यांनी करारात लिहून घेतलं. तिथे मालिकेची सूत्रं ज्याच्याकडे असतात तो शोरनर बहुधा स्वतः लेखक असतो, हा फरक लहान नाही. आमच्याकडेही हल्ली कुणी कुणी एआयकडून वनलाइन काढून बघतं. ती नीटनेटकी असते. फक्त तिला सासूचा दौरा माहीत नसतो.

या धंद्यात शिरतात कसं, हा प्रश्न मुलं विचारतात. पदवीने नाही, एवढं नक्की. मराठीत जुना रस्ता एकांकिकेचा. पुण्यात १९६३ पासून चालू असलेली पुरुषोत्तम करंडक, २५ जानेवारीच्या रात्री जागून बघायची सवाई एकांकिका, अशा स्पर्धांत लिहिणारं पोर कुणाच्या तरी नजरेत भरतं. मग फोन येतो: "आमचा लेखक आजारी आहे, चार सीन लिहून देशील? नाव नाही येणार." माझाही तसाच आला होता. चार सीनचे चाळीस झाले, मग नाव आलं, तेही एक काना चुकवून. एकांकिकेने शिकवलेली एक गोष्ट इथे रोज उपयोगी पडते: मंचावर उभा असलेला प्रत्येक माणूस काहीतरी मागत असला पाहिजे, निदान पाणी तरी.

हा लेख लिहीत असतानाच, गेल्या सोमवारी, माई दौऱ्यावरून परतल्या. "चहा निवतोय तुझा" अखेर चित्रित झालं, आणि बाईंनी चष्मा पुसायला इतका वेळ घेतला की पुढची दोन वाक्यं कापावी लागली, ते बरंच झालं. बुधवारी भाग दिसला. मी स्वतः होऊन आत्येसासूबाईंना फोन केला. भाग लागला तेव्हा त्या भजनी मंडळात गेल्या होत्या.

"सापडली का पावती?" त्या म्हणाल्या. "असू दे गं. उद्या दाखवतीलच परत सुरुवातीला."